बिनजिल्दीच्या पुस्तकाचा शेवट

तवा तिथं कोन कोन व्हतं ते आधी लिहिते, म्हंजी ज्याला खात्री करायची त्यानं जाऊन इचारावं. मी व्हते. मपला ल्योक व्हता, सून व्हती, सुनंची आठ म्हैन्याची पोरगी व्हती. उमापूरकडची एक बाई आन तिचा नवरा व्हता. टॅक्टरचा डायवर व्हता. आन मुकादम व्हता. मुकादम म्हंजी ऊसतोडीची टोळी जमवून कारखान्यावर न्हेनारा मानूस. तो मपल्या मालकाचा चुलतभाऊ, मपला दीर लागतो. लेकरू सोडलं तर सात जन. नावं लिहीत न्हाई. ज्याला कळायचं त्याला नावाबिगर कळतं.

दोन वर्सामागची गोष्ट हाय. माजलगावच्या धरनाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. दारात पानी हाय, ऊस हाय, कारखाने हायत, तरी दिवाळी झाली की आमी ऊस तोडायला परमुलखात जातो. कावून जातो ते मला इचारू नका, मला बी कुनी सांगितलं न्हाई. मपल्या कंबरंत आता वाकायचं बळ न्हाई. पन ल्योक आन सून फडात गेल्यावर लेकरू कुनी सांभाळायचं, म्हनून ल्योक म्हनला, "माय, तू चल." मी निघाले.

ल्योक त्याच मुकादमाच्या टोळीत. काका काका करायचा. काकानं ऊठ म्हनलं की उठायचा, बस म्हनलं की बसायचा. ते मला बघवत न्हवतं. कावून ते आता सांगते, न्हाई तर म्होरचं कळायचं न्हाई.

मपला ल्योक पाळन्यात व्हता त्या साली मी तोडीला गेले न्हवते. बाळंतीन व्हते. मालक एकलेच गेलते. हा दीर तवा नवाच मुकादम झालता. संक्रांतीच्या आधी एक दिवस जीप आली आन मालकाला आनून वसरीत ठिवलं. दीर म्हनला, "वयनी, फडात जनावर चावलं. चावलं तसा गेला बघा. पान्याचा घोट घ्यायला बी सवड मिळाली न्हाई." जनावर म्हंजी साप. मी रडले आन मानलं. न मानून काय करनार, मी तिथं न्हवते.

चार-पाच सालानं त्या टोळीतली एक म्हातारी आमच्या घरी आली. चुलीपाशी बसली, चहा पिली, आन म्हनली, "तुला कुनी सांगितलं न्हाई, मीच सांगते. त्याला सकाळी न्ह्यारीच्या टायमाला चावलं. ऊन कलंडूस्तर जित्ता व्हता. ट्रालीच्या सावलीत निजवलं व्हतं. पानी मागीत व्हता. दवाखान्यात न्ह्या म्हनीत व्हता. मुकादम म्हनला, ट्राली भरू द्या, त्याच ट्रालीवर टाकून न्हेऊ. ट्राली भरूस्तर गेला."

मी म्हनले, "हे चार मान्सांत बोलशील?"

ती म्हनली, "मपली पोरं त्याच्याच टोळीत हायत ग बाई."

दुसऱ्या साली म्हातारी वारली. मंग मीच भावकीत तोंड उघडलं. समदे पारावर बसले व्हते. दीर उठला, नारायणगड आमच्याकडचं मोठं देवस्थान, त्याच्या अंगाला हात केला आन म्हनला, "गडाची आन. चावलं तसा गेला." गडाची आन घेतली की आमच्याकडं म्होरं कुनी बोलत न्हाई. लोक मलाच म्हनले, बाईच्या डोस्क्यावर परिनाम झालाय. तवापासून मी गप. दिरानं मपल्या पोराला खांद्यावर खेळवलं, टॅक्टर शिकवला, लगीन जमवलं. ल्योक म्हनायचा, "काका नसता तर आपलं काय झालं आसतं माय." मी भाकरी थापीत ऱ्हायची. त्याचं घर बुडावं, त्याला जनावर चावावं, आसं मी कधी मागितलं न्हाई. मला एकच पायजे व्हतं. ते त्याच्याच तोंडून निघावं आन मपल्या लेकाच्या कानावर पडावं. पंचवीस वर्स तेवढंच पायजे व्हतं.

आता पुस्तकाचं.

मी चौथीपस्तोर शिकले. म्होरं शाळा न्हवती आन इचारनारं बी कुनी न्हवतं. पन वाचायची खोड ऱ्हायली. किराण्याच्या पुडीचा कागद मी वाचल्याबिगर चुलीत घालीत न्हाई. आमच्या शाळंतल्या मास्तरीनबाईंनी कपाट साफ केलं तवा वाळवी लागलेली पुस्तकं भायेर काढली. त्यात हे एक जाड. जिल्द वाळवीनं खाल्ली, पुस्तकाचं नाव गेलं, लिहिनाराचं नाव गेलं. बाकी पानं धड. मास्तरीनबाई म्हनल्या, "आजी, कादंबरी हाय. एकदा धरली की सोडवायची न्हाई बघा." मी ते पिठाच्या डब्यात पिठावर ठिवलं आन संगं घेतलं.

सून म्हनली, "आत्या, पातेल्याला जागा न्हाई आन पुस्तक कशाला?"

मी म्हनले, "लेकरू निजल्यावर मी काय माशा मारीत बसू?"

आमी आठ जन मागल्या ट्रालीत गाठोड्यांवर बसलो. म्हंजी लेकरू धरून सहा जन. मुकादम डायवरच्या बाजूला चाकाच्या पत्र्यावर बसायचा, राजा बसल्यावानी. बाकीची टोळी दुसऱ्या टॅक्टरवर म्होरं गेलती. मी चष्म्याला दोरा बांधला, पुस्तक मांडीवर धरलं आन ओळीखाली बोट ठिवून वाचायला लागले. खड्डा आला की बोट उडायचं आन ओळ हारवायची. मंग मागल्या ओळीपासून परत. आसं एका पानाला लई येळ लागायचा. पन सोडवंना.

गोष्ट आशी व्हती. एक मोठी नदी. नदीवर एका शेटच्या नावा चालायच्या. एका नावंवरचा गडी शेटची लबाडी बघतो. पुराच्या दिवशी शेट त्याला मधधारंत ढकलून देतो आन लोकांना सांगतो, पाय घसरला. गड्याची बायको रडत न्हाई. नाव बदलून दुसऱ्या साली त्याच शेटच्या घरी सैपाकाला ऱ्हाती. वर्स जात्यात. शेट म्हातारा व्हतो, त्याचा पोटच्या पोरांवर इस्वास ऱ्हात न्हाई, फकस्त ह्या बाईच्या हातचं खातो. आन हिनं उतरंडीच्या तळाच्या मडक्यात इखाची पुडी ठिवलेली. रोज सैपाक करताना ती त्या मडक्याकडं बघती. रोज म्हनती, आज न्हाई.

मी त्या बाईला सोडून कुटं जानार? मालकाचं नाव त्या पुस्तकात कुनी घातलं न्हवतं एवढंच.

लेकरू मांडीवर मुतलं तरी मला कळलं न्हाई. उमापूरची बाई बघत व्हती. म्हनली, "म्हातारे, काय गिळतीस त्या कागदात? तोंड बघ तुजं, भूत बघितल्यावानी."

मी म्हनले, "शेटनं गड्याला पुरात ढकलला."

ती म्हनली, "अगं बया. कोन्या गावाचा?"

"पुस्तकातल्या गावाचा."

"मंग त्याची बायको?"

तिला म्होरचं सांगावं लागलं. मंग ती म्हनली, "आसं तुकडं तुकडं नको, सुरुवातीपासून वाच." टॅक्टर चालू आसला की आवाजात काही ऐकू यायचं न्हाई, तवा मी मनातल्या मनात वाचायची. टॅक्टर चहाला, डिझलला थांबला की ट्रालीतच मोठ्यानं वाचायची. पयल्या दिवशी ती एकलीच ऐकायची. तिचा नवरा मुका न्हाई, पन दिवसाकाठी चार शब्द बोलला तर लई. तो बी आडवा पडून ऐकायला लागला. मपला ल्योक डोळे झाकून पडायचा, मला वाटायचं निजला, आन मी थांबले की म्हनायचा, "माय, थांबलीस कावून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सडक सुटली. नुसता माळ लागला. ना गाव ना झाड, लांब कुटं तरी एक टेकाड. तिथं ट्रालीचा आख मोडला. समद्यांनी मोबाइल काढले. कुनाच्याच मोबाइलला रेंज न्हाई. डायवर त्या टेकाडावर चढून फोन लावून आला. म्हनला, सामान यायला दोन दिस. मुकादमानं त्याला दहा शिव्या दिल्या, आखाला दहा दिल्या, आन मंग त्याला काही काम ऱ्हायलं न्हाई.

काम नसलेला मुकादम मी तवा पयल्यांदा बघितला. मोबाइलमधी बघायला काही न्हाई, हुकूम कुनाला द्यायचा ठाव न्हाई. आमी ट्रालीच्या सावलीला बसून वाचीत व्हतो. तो आला आन म्हनला, "वयनी, म्हातारपनी कॉलेजला चालल्या का?"

मी म्हनले, "तुमी मास्तर व्हा भावजी, लगीच येते."

उमापूरची बाई लई हसली. तो गेला, पन लांब गेला न्हाई. पाठ करून बसला, तंबाखू मळीत. दोन पानं झाली तवा त्याची पाठ जवळ आली. शेटनं त्या बाईला घराच्या किल्ल्या दिल्या तिथं त्याचं तोंड आमच्याकडं झालं. म्हनला, "मंग? शेटला कळलं का न्हाई ही कोन हाय ते?"

"आजून न्हाई," मी म्हनले.

"बिनडोक दिसतोय," तो म्हनला. "बाईच्या चालीवरून कळाया पायजे मान्साला."

संध्याकाळी भाकरी केल्या. त्याची बायको त्या साली आली न्हवती, त्याची भाकर मीच थापायची. मी त्याच्या म्होरं भाकर आन ठेचा ठिवला. त्यानं भाकर मोडली. नाकाजवळ न्हेली. मंग डायवरला म्हनला, "घे रे, तू खा आधी, टेकाड चढून दमलास." डायवरनं खाल्ली. मुकादम त्याच्याकडं बघत बसला, जरा येळानं दुसरी मोडली.

मला वाटलं, आसल. मानूस एकांद्या येळी चांगलं बी वागतो.

दुसऱ्या दिवशी न्ह्यारीला परत तेच. आधी डायवरला तुकडा. उमापूरची बाई मोठी द्वाड. म्हनली, "मुकादम, खा बिनघोर. आमच्या म्हातारीकडं उतरंड न्हाई. पिठाचा एकच डबा हाय, आन त्यात बी पुस्तक."

समदे हसले. मुकादम बी हसला. पन डायवरनं घास गिळूस्तर त्यानं तोंडात काही घातलं न्हाई.

आता बघा. तीच गोष्ट डायवर ऐकीत व्हता. उमापूरची बाई ऐकीत व्हती, तिचा नवरा ऐकीत व्हता. मपल्याच हातची भाकर समदे खात व्हते. त्यातल्या कुनी भाकर हुंगली न्हाई. ह्यानंच हुंगली. मी तव्यावरची भाकर पलटीत व्हते, मपला हात थांबला न्हाई, पन आतून मला लई बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. भूक लागल्यावर तो मपल्या हाताकडं भिऊन बघतोय, ह्याच्यानं मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या.

न्ह्यारी झाल्यावर मी लेकराची फडकी धुयाला गेले. खाली एक बारका वढा व्हता, त्यात गुडघाभर पानी. पुस्तक डब्यातून काढून गाठोड्यावर ठिवलं व्हतं. जिथवर वाचलं तिथं पाचटाची एक काडी घातली व्हती. वाचायचं फार ऱ्हायलं न्हवतं. शेट आजारी पडला व्हता, बाईनं मडकं खाली उतरवलं व्हतं, पुडी हातात घेतली व्हती. तिथं काडी.

माघारी आले तर तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत व्हता, मुकादम फुकीत बसला व्हता, आन पुस्तक बारीक झालं व्हतं.

म्हनला, "वयनी, वारं लई हाय, इस्तू पेटना. वाचून झालेली पानं फाडली. तुमची काडी बघून फाडली, ऱ्हायलेल्याला हात लावला न्हाई."

मी पुस्तक उचललं. सुरुवातीची पानं समदी जागच्या जागी. काडीच्या म्होरं काहीच न्हाई. मी त्याच्याकडं बघितलं. म्हनले, "भावजी, ही वाचलेली हायत. तुमी ऱ्हायलेली जाळली."

तो म्हनला, "आसं कसं?" पुस्तक घेतलं, आलटून पालटून बघितलं. "त्याला जिल्द न्हाई. मला काय कळतंय कुनीकडून धरायचं. दोन्ही अंगानं सारखंच काळं."

त्याला सही येती, वाचता येत न्हाई. टोळीची वही डायवरच लिहायचा. तवा चुकला आसं म्हनता येतं. पन ती बाई पुडी हातात घेऊन उभी ऱ्हायली, नेमकं तिथंच इस्तू कसा पेटत न्हवता, हे मला आजपस्तोर कळलं न्हाई.

उमापूरची बाई आली आन तिला कळलं तवा तिनं कपाळाला हात लावला. "मुकादम, आता तिनं पुडी टाकली का न्हाई? सांगा तुमी. चहा पिऊन घ्या आन सांगा."

तो म्हनला, "टाकली न्हाई आसल. बाईमान्साच्यानं व्हत न्हाई ते."

ह्या शब्दानं मपलं डोकं चाललं. न्हाई तर मी गप बसले आसते, गप बसायची मला सवय हाय.

दुपारी समदे सावलीला आले. ल्योक बी आला, आखाखाली दगड लावून त्याचे हात माखले व्हते. मी म्हनले, "शेवटची थोडी पानं जळली न्हाईत. सुटी झालती, डब्यात पडली व्हती. मी आत बसवलीत. वाचू का?"

उमापूरची बाई म्हनली, "इचारतीस काय, वाच."

मी पुस्तक उघडलं ते पयल्याच पानावर. सून मपल्या बाजूलाच बसली व्हती. ती सातवी पास हाय. तिनं पानावर बघितलं. मंग मपल्या तोंडाकडं बघितलं. मंग लेकराला पदराखाली घेतलं आन दुसरीकडं बघायला लागली. त्या दिवसापासून ती मला लेकीसारखी हाय.

पुस्तकातली भाषा सुद्ध आसती, म्हनून मी बी बोट ओळीखाली ठिवून सुद्ध बोलायला लागले. म्हनले, "ती बाई ताट घेऊन शेटजींच्या समोर आली. शेटजी म्हणाले, वाढ. ती म्हणाली, वाढते, पण आधी एक विचारते. त्या दिवशी माझा नवरा कसा मेला? शेटजी म्हणाले, पाण्यात पडला तसा गेला. घोट घ्यायलाही सवड मिळाली नाही."

मुकादमाचा तंबाखू मळायचा हात चालू व्हता.

"बाई म्हणाली, खोटे. तो काठाला लागला होता. ऊन कलेपर्यंत जिवंत होता. नावेच्या सावलीत निजवला होता. पाणी मागत होता. दवाखान्यात न्या म्हणत होता. तुम्ही म्हणालात, नाव भरू द्या, मग त्याच नावेत टाकून नेऊ."

तंबाखूचा हात थांबला. मी वर बघितलं न्हाई. बोट सरकवीत गेले.

"नाव भरेना. एक तास गेला, दोन तास गेले. निम्मी नाव अजून रिकामीच होती. शेटजींना काही घाई नव्हती. निम्मी नाव भरायची होती आणि माणूस खाली पाणी पाणी करत होता."

"निम्मी न्हाई," मुकादम म्हनला.

मी बोट हाय तिथंच धरलं.

तो खाली मातीकडं बघून बोलत व्हता, सोताशीच बोलल्यावानी. "निम्मी कुटली? दोनच मोळ्या ऱ्हायल्या व्हत्या."

डायवरनं बिडी काढली व्हती, ती पेटवली न्हाई. मंग तो उमापूरचा गडी, जो दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यानं इचारलं, "नावंत मोळ्या कशाच्या, मुकादम?"

मुकादमानं मान वर केली. त्याच्या तोंडाचा रंग मी लिहू शकत न्हाई. राखुंडी फासल्यावानी झालं व्हतं. त्यानं समद्यांकडं बघितलं, मंग मपल्याकडं, मंग पुस्तकाकडं. मी पुस्तक मिटलं न्हाई.

मपला ल्योक उठला. हात पायजम्याला पुसले. म्हनला, "काका, कोन्या मोळ्या?"

"आरं काही न्हाई, गोष्टीत..."

"गोष्टीत नाव हाय. मोळ्या तुमी म्हनलाव."

ल्योक त्याच्या म्होरं उकिडवा बसला, त्याच्या तोंडाम्होरं तोंड आनून. त्याला मोठ्यानं बोलायची सवय न्हाई, तवा बी तो हळूच बोलला. "बापाला पानी मागायला टाइम मिळाला व्हता का न्हाई?"

मुकादम म्हनला, "मी नवा व्हतो तवा. कारखान्यावर नंबर लागला व्हता. ट्राली उशिरा गेली की नंबर जातो, तुला म्हाईत हाय. दोन मोळ्या ऱ्हायल्या व्हत्या. मला वाटलं, एवढ्यात काय व्हतंय."

"पानी मागितलं का?"

"मागितलं."

"दिलं?"

"लोक म्हनले, जनावर चावल्यावर पानी देऊ नये."

"कोन लोक?"

मुकादमानं हातातला तंबाखू मातीत झाडला.

मंग मी बोलले. त्या भावकीच्या दिवसापासून साठवलं व्हतं, ते वाया घालवायचं न्हवतं. मी म्हनले, "भावजी, आता गडाची आन घ्या. उठा. हात करा. इथून नारायणगड कोन्या अंगाला हाय?"

तो उठला न्हाई. त्याला ठाव बी न्हवतं त्या माळावरून गड कोन्या अंगाला येतो. मला बी न्हवतं. पन त्यानं चारी बाजूला बघितलं, आन ते समद्यांनी बघितलं. मपलं काळीज निवलं. दया आली का आसं मला नंतर सुनंनं इचारलं. न्हाई आली. मी आठवून बघितलं, खरंच न्हाई आली.

ल्योक वढ्याकडं चालत गेला. लई येळ पान्यात पाय सोडून बसला. मी मागं गेले न्हाई. त्याचा बाप त्याला आज पयल्यांदा भेटला व्हता, मधी मपलं काय काम.

सामान आलं, आख बसला, टॅक्टर निघाला. कुटं जानार दुसरीकडं? कबूल केलेला हंगाम सोडता येत न्हाई. पाच म्हैने आमी त्याच्याच टोळीत काढले. ल्योक त्याला पुना काका म्हनला न्हाई, मुकादम म्हनायचा. आन मी त्याची भाकर थापायची सोडली न्हाई. सून म्हनली, "आत्या, आता कशाला करताव त्याचं?" मी रोज थापली. गरम गरम त्याच्या म्होरं ठिवली, आन म्होरंच बसून ऱ्हायले, तो खातो का बघत. डायवर फडावर आसायचा, आधी खायला तिथं कुनी न्हवतं. तो भाकर मोडायचा, मपल्याकडं बघायचा, आन घास तोंडात घालायचा. परत्येक घासाला बघायचा. त्यात काही न्हवतं. मीठ बी बरोबर व्हतं. पन पाच म्हैने त्यानं एक भाकर सुखानं खाल्ली न्हाई. उन्हाळ्यात गावी आलो तवा त्याच्या गळ्याची हाडं दिसत व्हती. लोक म्हनले, साखर झाली आसल.

मला वाटलं आता झालं. पन गावात येऊन तो पलटला. पारावर म्हनला, "म्हातारी कसलं तरी पुस्तक वाचीत व्हती. मी बसल्या बसल्या बडबडलो, तिनं राईचा डोंगर केला." लेकानं भावकीला सांगितलं तर म्हातारी मानसं म्हनली, "जुनं झालं बाबा. गोष्ट ऐकताना मान्साची जीभ घसरती. त्यानं गडाची आन घेतल्याली हाय." डायवरला त्याच्याकडं काम हाय, तो म्हनला मी बिडी वढीत व्हतो, मला ऐकू आलं न्हाई. उमापूरची बाई आन तिचा नवरा खरं बोलत्यात, ज्याला पायजे त्यानं उमापूरला जाऊन इचारावं. पन त्यांना आमच्या गावात कोन बोलवतंय.

मुकादम आता म्हनतो, पुस्तकात आसं काही लिहिलेलंच न्हवतं, वयनीनं पदरचं घातलं. खरं हाय. पुस्तकात न्हवतं. मी पदरचं घातलं. पन मी नाव घातली व्हती. मोळ्या त्यानं आनल्या.

त्या पुस्तकातल्या बाईनं पुडी टाकली का न्हाई, मला ठाव न्हाई. उमापूरची बाई फोन करती तवा आजून इचारती. मी तिला म्हनते, तुला काय वाटतं? ती म्हनती, टाकली आसल. मी म्हनते, टाकली आसल.

हे मी मपल्या हातानं वहीत लिहिलं. सुनंनं काना-मात्रा बघितली, बोली मपलीच ठिवली. बोलून मपलं कुनी ऐकलं न्हाई, म्हनून लिहिलं. ज्याच्या कुनाच्या हातात हे पडल त्याच्याकडं मपलं एक मागनं हाय. मनातल्या मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. आन आमच्याकडचे आसाल, कोन मुकादम ते वळखलं आसल, तर त्याच्या वट्यावर बसून वाचा. त्याला वाचता येत न्हाई.